बाहुलीची उजवी बाजू

मी सवतीवर पंधरा वर्षं जळले. लग्न होऊन मी खडोलीला आले तेव्हा तिला जाऊन चार वर्षं झाली होती. "मेलेल्या माणसावर कोणी जळतं का गं?" असं माझी आई म्हणायची. आईला म्हणायला काय जातं! तिच्या सवतीचं तोंड रोज आठ तास तिच्या हातांतून जात नव्हतं. माझ्या जायचं, आणि एकदा-दोनदा नाही, पेट्याच्या पेट्या.

आता नीट सांगते, नाहीतर वेडीचं बोलणं वाटेल. आमचे हे सुतार. धुळ्याकडचे. यांच्या घरात शेतीची अवजारं करायचेच, पण खरं नाव होतं ते सोंगांचं. सोंगं म्हणजे गावच्या भोवाड्याच्या उत्सवात नाचताना तोंडावर बांधायचे लाकडी मुखवटे. पांगाऱ्याचं हलकं लाकूड घ्यायचं आणि त्यातून रावण काढायचा, नरसिंह काढायचा, राक्षसीण काढायची. कागदावर आधी काही काढायचं नाही. माप डोळ्यात, असं सासरे म्हणत. पुढे सिल्वासाकडे कंपन्या उभ्या राहायला लागल्या, गावची माणसं तिकडे निघाली, तसे हेही निघाले. पहिली बायको काविळीत गेली होती. गावात जीव रमत नव्हता. खडोलीला प्लास्टिकच्या बाहुल्यांची कंपनी निघाली होती. तिच्या शेठला लाकडात तोंड कोरणारा माणूस हवा होता, आणि यांना कुठेतरी निघून जायचं होतं.

कंपनीत यांना सगळे मिस्त्री म्हणत. काम असं, की बाहुलीचं तोंड आधी लाकडात कोरायचं. त्या लाकडी तोंडाला पॅटर्न म्हणायचे. पॅटर्नवरून लोखंडी साचा निघायचा आणि साच्यातून माल. प्लास्टिक गार होताना आवळतं, म्हणून लाकडी तोंड खऱ्या बाहुलीपेक्षा जरा मोठं ठेवावं लागतं. किती मोठं, हे यांना कोणी शिकवलं नव्हतं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर आलं. हनुवटीखाली खाच खोल गेली तर बाहुली साच्यातून सुटत नाही, हेही असंच चुकून शिकले.

मी लग्नानंतर सहा महिने खोलीत बसून काढले. वर पत्रा, खाली कोबा, आणि शेजारच्या बायका सकाळी सातला कामावर गेल्या की बोलायला भिंती. शेवटी मीही त्याच कंपनीत पॅकिंगला लागले. वीतभर उंचीची बाहुली, गुलाबी फ्रॉक, केस विंचरलेले. तिला पेटीत बसवायची, पाठीमागून दोरा घालून बांधायची, पुढे पारदर्शक कागद. तोंड नीट दिसलं पाहिजे, यावर सुपरवायझरचा भारी कटाक्ष. बाहुलीची डावी भुवई किंचित वर होती आणि हसताना पडते तशी एक खळी डाव्या गालावर होती. "जिवंत वाटते," असं बायका म्हणायच्या. मलाही आवडायची, खोटं कशाला बोलू. पहिले तीन-चार महिने मी तिला बांधताना गुणगुणायचे.

मग सासूबाई आल्या. गावाकडून पहिल्यांदाच आल्या होत्या, बसने वापीपर्यंत आणि तिथून पुढे जीपमध्ये कोंबून. खोलीत पाऊल टाकलं आणि फळीवर ठेवलेली बाहुली पाहिली. पाण्याचा तांब्या मी हातात दिला तो तसाच खाली ठेवला. बाहुली उचलली, छातीशी धरली आणि मोठ्याने रडायला लागल्या, "माय व, माझी सून! माझी सून हाय ही!" मी तिथेच उभी होते. मीही सूनच होते त्यांची. डोळे पुसून त्या मला म्हणाल्या, "ही खळी बघ. डाव्या गालावर, अशीच. आणि भुवई अशीच वर करायची ती, काही पटलं नाही की." त्या भोळ्या होत्या, माझ्या मनाला काय होईल ते त्यांना कळलंच नाही. जाताना ती बाहुली त्या गावाला घेऊन गेल्या, आणि मी कामावर पुन्हा कधी गुणगुणले नाही.

माझ्या सवतीचा एकही फोटो नव्हता. जत्रेत काढू, पुढच्या वर्षी काढू, करत राहून गेला होता. म्हणून यांनी शेठच्या लाकडात तिला कोरून ठेवली. शेठला वाटलं मिस्त्रीने फार सुंदर बाहुली केली.

कोणी म्हणेल, तुमच्यात सवतीचा टाक गळ्यात घालतात, मग त्याचं नाही वाईट वाटलं? नाही वाटलं. आमच्यात रीत आहे. दुसरेपणावर दिलेल्या बायकोने पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आलं की आधी त्याला लावायचं, मग आपण नेसायचं. मी ते सगळं केलं. पण सोनाराकडे त्या टाकाचा एकच ठसा असतो. पत्र्यावर ठोकला की उमटते एक बाई, हात जोडलेले, डोळे म्हणजे दोन टिंबं. गावातल्या साऱ्या मेलेल्या बायका त्या ठशात सारख्याच. तिला तोंडच नव्हतं, तर भांडायचं कोणाशी? बाहुलीला मात्र तोंड होतं, आणि ते यांनी स्वतःच्या बोटांनी केलं होतं.

त्या रविवारी मी सरळ विचारलं. "अहो, माझं तोंड करा एकदा."

"कशाला?" हे म्हणाले.

"कशाला म्हणजे? तिचं केलंत ना. माझं करा. नका देऊ कंपनीला, घरात ठेवा. पण करा."

हे हसले. "तुझं तोंड सारखं चालू असतं. थांबेल तेव्हा कोरता येईल."

थट्टा होती ती. पण मला अशी झोंबली म्हणता! चार दिवस मी यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. यांना ते बरंच वाटलं असावं, कारण चौथ्या दिवशीही यांनी काही विचारलं नाही. त्यानंतर दर सणाला, दर भांडणात मी तेच मागायचे. मला साडी नको, बांगड्या नकोत, माझं तोंड करा. हे कधी हसायचे, कधी गप्प. पुढे पुढे नुसतेच गप्प. एका खोलीत राहून, एका कंपनीत राबून, एका डब्यातलं जेवून आमच्यात हे एवढं एक राहिलं, आणि त्याने बाकी सगळं नासवलं. मुलगी झाली, शाळेत जायला लागली. कंपनीतून रिजेक्ट बाहुल्या बायका घरी न्यायच्या. मी एकही नेली नाही. पोरगी शेजारच्या दारात जाऊन त्याच बाहुलीशी खेळायची आणि मी तिला हाताला धरून ओढून आणायचे. ती बिचारी विचारायची, "आई, तिनं काय केलंय?" मी काय सांगणार, कपाळ!

अशी वर्षं गेली. सासूबाई गेल्या. खडोलीत एकामागून एक शेड उभ्या राहिल्या, नदीच्या पाण्याला वास यायला लागला, माझ्या केसांना प्लास्टिकचा वास कायमचाच लागला. बाहुलीचे फ्रॉक बदलले, केस बदलले, तोंड तेच राहिलं. मग नव्वदच्या पुढे बाजारात बाहेरच्या देशातल्या बाहुल्या यायला लागल्या, गुळगुळीत, मोठ्या डोळ्यांच्या. शेठचा माल पडून राहायला लागला. साचेही झिजले होते. शेठने मुंबईहून कॉम्प्युटर आणला आणि मशिनरूमशेजारची खोली थंडगार करून त्यात बसवला.

त्या कॉम्प्युटरवर काम करायला एक मुलगी आली. तिचे वडील सिल्वासाला सरकारी शाळेत मास्तर, मूळचे कोकणातले. ती मुंबईला शिकून आली होती. गोड पोर. एका वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं. शेठने यांना सांगितलं, मिस्त्री, तुम्ही हिच्यापाशी बसा, काय ते सांगा. मग रोज हे चपला बाहेर काढून, पाय पुसून त्या थंड खोलीत जाऊन बसायचे. हातात काम नाही. पॅटर्न टेबलावर घट्ट बांधलेला, आणि ती मुलगी मशिनच्या दांड्याला बसवलेली सुई त्याच्यावर एकेका जागी टेकवायची. सुई टेकली की पडद्यावर एक ठिपका उमटायचा. असे तीन-चार दिवस ठिपके टेकवल्यावर पडद्यावर तोंड उभं राहिलं.

हे घरी येऊन फार बोलायचे नाहीत, पण त्या दिवसांत बोलायला लागले. म्हणजे मला नाही, भिंतीला सांगितल्यासारखं. "ती ते तोंड हवेत फिरवते. वर, खाली, मागून. त्याला वजनच नाही." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी तिला विचारलं, लाकडाचे रेशे कुठून कुठे जातात यात? ती म्हणाली, काका, यात रेशे नसतात, कुठूनही कापा. मी म्हटलं, चुकलं तर? तर म्हणाली, अनडू मारायचं. बटण दाबलं की कापलेलं परत भरून येतं." भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून हे बसले होते. "म्हणजे तिचा हात कधी भीतच नाही. आपला भितो. एक टवका जास्त उडाला की गाल गेला. भीत भीतच तोंड येतं." मला त्या पोरीचं खरं तर बरं वाटत होतं. कॉम्प्युटर नवं तोंड करील आणि ही बया एकदाची माझ्या डोळ्यांपुढून जाईल, असं मी मनात धरून बसले होते. यांच्या कामाचं काय होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, इतकी मी आंधळी झाले होते.

एक दिवस दुपारी निरोप आला, चालू मालातल्या चार बाहुल्या घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत या. मी घेऊन गेले. चपला काढल्या. हे त्या मुलीच्या शेजारी स्टुलावर बसले होते, पाठ वाकवून. पडद्यावर ते तोंड, राखाडी, डोळ्यांत बुबुळं नाहीत. 

ती मुलगी यांना समजावत होती. "काका, शेठ म्हणतात दोन्ही बाजू सारख्या करून टाक. आता आपलं तोंड बघा, डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. मशिनला दुप्पट काम. म्हणून एकच अर्धं ठेवायचं, दुसऱ्या अर्ध्यावर मिरर मारायचा. नाहीतरी तोंड दोन्हीकडे सारखंच असतं ना."

"कोणाचं?" हे म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं काका गंमत करतायत. "बघा, दाखवते. आधी बाहुलीची डावी ठेवते." तिने काहीतरी दाबलं आणि उजवी बाजू गेली. नुसतं अर्धं तोंड राहिलं, फोडलेल्या नारळासारखं. मग डावीची उलटी नक्कल उजवीकडे येऊन चिकटली. दोन्ही गालांवर खळ्या, दोन्ही भुवया वर. कॅलेंडरवरच्या बाईसारखी छान दिसत होती. मी हातातल्या बाहुल्या टेबलावर ठेवल्या आणि निघाले.

"आणि ही उजवी," ती म्हणाली. पुन्हा अर्धं तोंड गेलं, पुन्हा नक्कल येऊन चिकटली. मी दारापाशी पोचले होते. मागून तिचा आवाज आला, "अय्या! काकू, या तर तुम्ही!"

मी वळून पाहिलं. पडद्यावर मी होते. भुवया सरळ, जाड. गाल सपाट. ओठाचा कोपरा खाली ओढलेला, काहीतरी बोलायच्या बेतात असलेला. आरशात मी रोज बघते ते तोंड, फक्त बाहुलीएवढ्या वयाचं. मुलगी एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा पडद्याकडे, आणि टाळ्या वाजवत होती. "काका, हे काय, तुम्ही काकूंना लपवून ठेवलंत!" हे मान खाली घालून बसले होते.  पंधरा वर्षं मी त्या बाहुलीच्या खळीकडेच बघत होते. दुसऱ्या गालाकडे मी एकदा नीट पाहिलं नव्हतं हो, एकदासुद्धा!

तेवढ्यात शेठ आले. दोन्ही तोंडं पडद्यावर शेजारी शेजारी लावून पाहिली. "ये डिंपलवाला अच्छा लगता है," ते म्हणाले, पण मग यांच्याकडे वळले. शेठ तसा माणूस वाईट नव्हता. "मिस्त्री, तुमने बनाया है. तुम बोलो, कौन सा रखें?"

 मी यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, म्हणा, उजवी म्हणा. आयुष्यात दुसरं काही मागणार नाही. उजवी म्हणा.

"डावी," हे म्हणाले. "बाहुलीची डावी. खळीची."

मुलीने एक बटण दाबलं आणि मी पडद्यावरून गेले.

मी पॅकिंगला परत आले, सुटी होईपर्यंत माल बांधला. बांधताना प्रत्येक बाहुलीची उजवी बाजू बघत होते. होतेच मी तिथे. अर्ध्या अर्ध्या तोंडाने सगळ्या पेट्यांत मीच होते, आणि नवा साचा आला की हे जुने साचे उतरणार होते.

घरी आल्यावर मी स्टोव्ह पेटवलाच नाही. "बोला," मी म्हटलं.

 हे म्हणाले, "आपल्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात नवा साचा काढायला पॅटर्न बाहेर घेतला, तर तो तडकलेला. उजव्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत. तेवढा भाग काढून नवीन लाकडाचा जोड बसवला. कोरायला बसलो तर त्या बाजूला काय होतं ते आठवेना. तिची ती बाजू कशी होती, काही केल्या डोळ्यापुढे येईना. जुनी बाहुली समोर ठेवून करता आली असती, पण नक्कल करायची म्हटलं की हात लाकूड होतो. तू रोज इथे बसून भाकरी थापतेस. या बाजूने तुझा उजवा गालच दिसतो. तो हातात आला."

"मग मला सांगितलं का नाही? मी वर्षानुवर्षं डोकं आपटतेय तुमच्यापुढे!"

"अर्धं होतं. अर्धं काय सांगायचं?"

"आणि आज? आज डावी का म्हणालात?" माझा आवाज शेजारी ऐकू जात असणार. जाऊ दे म्हटलं.

"तू आहेस," हे म्हणाले. "समोर आहेस, भांडतेयस. तिचं ते अर्धं सोडून कुठे काही नाही. मी उजवी म्हटलं असतं तर ती गेली असती."

 खरं होतं ते. खरं होतं म्हणूनच जास्त लागलं. मेलेलीला ठेवायचं म्हणून जिवंत बायकोला पुसली, आणि त्यात यांचं काही चुकलं असंही मला म्हणता येईना. त्या संध्याकाळी पोरीला मी चुरमुरे दिले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

नवा साचा यायला तीन महिने लागले. तोवर थंड खोलीतलं यांचं स्टूल गेलं होतं. मुलीला आता कोणी काही सांगायची गरज नव्हती. यांना फिनिशिंगला बसवलं, म्हणजे साच्यातून निघालेल्या मालाच्या कडेला प्लास्टिकची जी धार राहते ती पातीने तासायची. सोंगं कोरणारा हात धार तासत बसला. लाकडी पॅटर्न शेठनी सुईने मापं घेऊन झाल्यावर पॉलिश करून मुंबईच्या ऑफिसात शोभेला नेला होता. मागायचा कसा? कंपनीच्या लाकडाचा, कंपनीच्या वेळात केलेला.

नव्या मालाची पहिली पेटी पॅकिंगला आली. मी एक बाहुली उचलली. दोन खळ्या, दोन उंच भुवया, गाल असे गुळगुळीत की बोट घसरावं. मला तिचा राग येईना. कशाचा यायचा? मी ती घेऊन फिनिशिंगला गेले आणि यांच्या हातात दिली. यांनी माल तासला होता सकाळपासून, पण तिथे धडं आणि हातपाय यायचे, डोकी दुसरीकडे. यांनी ती उजेडाकडे धरली. पंजाने उजवी बाजू झाकून पाहिली. मग डावी झाकून पाहिली. मग दोन्ही उघडी ठेवून पाहिली.

"ही कोण?" यांनी मला विचारलं.

"तुम्हीच निवडलीत ना. डावी."

"ही ती नाही." आवाज असा आला की शेजारी बसलेल्या दोघांनी मान वर केली. "तिला एकाच गालावर पडायची. दोन्हीकडे हसत नव्हती ती."

मी बाहुली परत घेतली. त्या बयेने माझ्या घरातून जावं म्हणून मी देवाला काय काय बोलले होते. आता ती गेली होती, आणि हे फिनिशिंगच्या बाकावर बसून असे दिसत होते की दुसऱ्यांदा विधुर झालेत. मला आनंद झाला नाही. मला तिची कीव आली, आणि स्वतःची, आणि सगळ्यांत जास्त यांची.

म्हणून मीच लाकूड आणलं. खेरडीची एक बाई आमच्या लाइनला होती, तिच्या बांधावरचा पांगारा पडला होता. त्याचा एक ओंडका तिने दिला. रविवारी सकाळी तो मी यांच्यापुढे ठेवला, गावाहून आणलेल्या पटाश्यांची पिशवी खाटेखालून काढून दिली. "घ्या. तिचं तोंड करा. खरं, आधी होतं तसं. मी काही बोलणार नाही, कुठे ठेवायचं तिथे ठेवा."

यांनी माझ्याकडे पाहिलं, माझी थट्टा आहे की काय म्हणून. मग दारात उजेडाला बसले. ओंडका सोलला. वरून खाली मधोमध पेन्सिलीने रेघ मारली, नाकाची जागा काढली. मी पीठ मळायला घेतलं. बराच वेळ पटाशीचा आवाज आला नाही. ऊन उंबऱ्यावरून आत आलं तरी नाही.

"अगं, एक सांग," हे म्हणाले. माझ्याकडे पाठ होती. "खळी डाव्या गालावर होती ना तिच्या? की उजव्या?"

माझे हात पिठात तसेच राहिले. ती नवी दोन खळ्यांची बाहुली रोज बघून बघून यांच्या डोळ्यांत बसली होती. जुना माल केव्हाच विकला गेला होता, घरात जुनी बाहुली एकही नव्हती, सासूबाई राहिल्या नव्हत्या. गावाकडे कोणाला विचारायचं, आणि काय म्हणून? ते सांगणारी मी एकटी उरले होते. मनात आलं, म्हणावं उजव्या. नाहीतर म्हणावं, मला काय ठाऊक, बायको तुमची होती. देवाशपथ, आलं मनात.

"डाव्या," मी म्हणाले. "आणि भुवईही डावीच वर करायची, काही पटलं नाही की."

"नक्की?"

"नक्की."

यांनी डाव्या गालावर पेन्सिलीने एक ठिपका दिला. मग पटाशी उचलायची सोडून माझ्याकडे वळून बसले आणि बघत राहिले, मी आणखी काही सांगेन म्हणून. पण मला तेवढंच ठाऊक होतं.